देसांकाबाईंचं बोलावणं

बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, हा अहिल्याकाकूंचा बाणा. नागपूर सोडून त्या लेकाकडे, प्रसन्नकडे, शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या, पण मानपानाचं गाठोडं बरोबर घेऊनच.

म्हणून तर शेजारच्या देसांकाबाईंचा त्यांना राग. शहाऐंशी वर्षांच्या या सर्बियन बाई कुंपणापाशी तासन्‌तास बोलायच्या. त्यांचे वडील फादर सावा पहिल्या महायुद्धात इथे आलेले पाद्री. सर्बिया शत्रूच्या हातात गेला, तेव्हा अमेरिकेनं पाठीशी उभं राहावं म्हणून ते शिकागोत दारोदार हिंडले. घराण्याच्या संताचा सण, स्लावा, एकोणीस डिसेंबरला असतो, हेही बाई दर वर्षी सांगायच्या. पण तीन वर्षांत एकदाही "या" म्हणाल्या नव्हत्या.

"सांगायचं आणि बोलवायचं नाही, ही कुठली रीत?" काकू सुनेपाशी कुरकुरायच्या.

"आई, सोडा ना. फॅमिली फंक्शन असेल," रुपाली म्हणायची.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात देसांकाबाईंचं घर विकलं गेलं. जानेवारीत त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या, म्हणजे या घरातला हा शेवटचा स्लावा. एकोणीस तारखेच्या दुपारी काकूंनी खिडकीतून पाहिलं. टेबलावर उंच मेणबत्ती जळत होती, भोवती आठ खुर्च्या, आणि म्हातारी सारखी दारापाशी येऊन रस्त्याकडे बघत होती. चार वाजून गेले, तरी कुणी आलं नाही.

काकू चपला घालून दारापर्यंत गेल्या. पण नियम तो नियम. शेवटी त्यांना देसांकाबाईंची वाटी आठवली, मागे कुंपणावरून खाऊ घालून दिलेली, परत करायची राहिलेली. त्यांनी ती रव्याच्या लाडवांनी भरली. वाटी परत द्यायला जाणं म्हणजे काही आगंतुकपणा नव्हे.

दार उघडंच होतं. काकूंना पाहून देसांकाबाईंचे डोळे भरून आले. "तीन वर्षं वाट पाहिली तुमची," त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही बोलावलं कुठे?" काकूंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"स्लावाला कुणाला बोलावत नाहीत. दार उघडं ठेवायचं, येईल तो आपला. मी तारीख सांगत होते ना." त्यांनी स्लावाचा प्रसाद, साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू, चमचाभर काकूंच्या हातावर ठेवला. "माझ्या वडिलांना तरी या देशानं कुठे बोलावलं होतं? महिनाभर एकही दार उघडलं नाही. मग एका बाईनं उघडलं, आधी जेवू घातलं आणि मग विचारलं, तुम्ही कोण. तिच्याच ओळखीनं सर्बियासाठी पहिली सभा भरली."

काकूंना स्वतःची भयंकर लाज वाटली. तीन वर्षं आपण मानाची वाट पाहत बसलो आणि ही बाई माणसाची.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "रुपाली, प्रसन्नला आणि मुलांना घेऊन ये. समोरच्या मृणालिनीला सांग, पलीकडच्या राजीवलाही सांग."

"आई, त्यांनी बोलावलंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर यायचंय."

सहा वाजता खुर्च्या कमी पडल्या. प्रसन्न घरी जाऊन गणपतीच्या वेळच्या घडीच्या खुर्च्या घेऊन आला.