करपलेल्या भाकरीचं चित्र

मित्रांनो, मी ज्वारीची एक भाकरी. आता चित्रातच उरले आहे, पण एका सकाळी परळीतल्या मल्लम्माच्या तव्यावर मी खरीखुरी भाजले गेले होते. पीठ जुनं होतं, त्याची विरी जाऊन चिकटपणा उरला नव्हता. म्हणून थापतानाच माझी कड चिरली, आणि भाजताना मी करपले ते वेगळंच. रूपाच्या नावानं सगळा आनंदच होता म्हणा ना.

तरी मल्लम्माच्या मुलीनं, वर्षाराणीनं, टोपल्यातून मलाच उचललं. शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा मांडला आणि ती रंग घेऊन बसली. शाळेच्या प्रदर्शनात तिचं चित्र पहिल्यांदाच लागणार होतं आणि ते उद्याच द्यायचं होतं. माझी चीर ती इतक्या मायेनं रंगवत होती, की मला चक्क माझाच अभिमान वाटू लागला. करपलेला डाग तेवढा राहिला आणि काळा रंग संपला. तो आणायला ती दुकानात गेली.

इकडे मल्लम्मानं चित्रात डोकावलं आणि तिचा जीव खालीवर झाला. शेजारच्या हाफिजाकडून ताजं पीठ आणून तिनं एक टम्म फुगलेली गोल भाकरी केली आणि माझ्या जागी ठेवली. मला मोडून स्वतःच्या ताटात घेतलं.

वर्षाराणी परतली आणि बघतच राहिली.

"आई, माझी भाकर कावून बदललीस?"

"चार लोकं बघनार. म्हनतील, मल्लम्माला भाकर जमत न्हाई."

"आन् करपलेली तू खायलीस?"

"ती माझीच असती. तुमाला कशी वाढू?"

"रोज?"

"एखादी करपतीच की."

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज शेजारी बसून जेवूनही तिला हे कधी दिसलं नव्हतं. तोवर मी अर्धीच उरले होते. तिनं पहिलं चित्र बाजूला सारलं, नवा कागद घेतला आणि आईचं ताट पुढ्यात ओढलं.

"आगं, उष्टं ताट लोकांना दावतीस का?"

"व्हय."

संध्याकाळपर्यंत चित्र पुरं झालं. मग वर्षाराणीनं मला खाल्लं आणि ती गोल भाकरी आईला वाढली. मल्लम्मा सवयीनं तिच्यातलीही अर्धी लेकीसाठी काढून ठेवू लागली. वर्षाराणीनं तिचा हात धरला.

मित्रांनो, अन्न टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी इतकंच सांगते, आज जेवायला बसाल तेव्हा करपलेली भाकरी कुणाच्या ताटात आहे ते बघा. आणि ती मागून घ्या.