होडीला शेपटीने धरू नये

तिसरं बेअरिंग बसवून चार दिवसही झाले नव्हते, आणि होडी शेततळ्याच्या मधोमध पुन्हा जात्यासारखी घरघरायला लागली. चारुलताने रिमोट मांडीवर ठेवला आणि मनातल्या मनात वडिलांना विचारलं, की मासेच पाळायचे होते, तर त्यांना जेवायला वाढण्यासाठी यंत्र कशाला हवं होतं?

वडील उत्तर देणार नव्हते. हिलाल पाटील जाऊन दीड महिना झाला होता.

कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर राहिलेला माणूस निवृत्त झाला तरी हात गप्प बसत नाहीत. चार वर्षांपूर्वी ब्राह्मणपुरीच्या शेतात त्यांनी शेततळं खोदलं, रोहू-कटला सोडले आणि अडीच हात लांबीची फायबरची होडी बनवली. पोटात मोटर, वर पेंडीचा डबा. बटण दाबलं की डब्याचं झाकण उघडायचं आणि पेंड तळ्यात सगळीकडे पसरायची. मोटरपासून मागच्या पंख्यापर्यंत एक बारीक पोलादी दांडा होता. तो ज्या बेअरिंगवर फिरायचा, तेवढं बेअरिंग सोडलं तर होडीत खोट नव्हती.

कशीबशी ती कोपऱ्यातल्या पायऱ्यांपर्यंत आली. दगूबाईने वाकून तिला बाहेर काढलं आणि पायाला धरलेल्या कोंबडीसारखी लटकवत लेकीपुढे आणून ठेवली.

"परत बिघडनी का? ऱ्हाऊ दे माय. मी टाकसू पेंड."

"तू उतारावर जाणार नाहीस."

"मासास्नी काय पाप करं?"

गेल्याच आठवड्यात घमेलं घेऊन ती तळ्याच्या प्लास्टिकवरून चालली होती. प्लास्टिकवर शेवाळ होतं. पाय घसरला, काठाला बांधलेला दोर हाती लागला म्हणून वाचली. कोपराची साल अजून ओली होती. एकाच कोपऱ्यात पेंड टाकावी तर ती सडते, पाणी बिघडतं. म्हणजे होडी बंद असली की आई उतारावर, हे ठरलेलं. आणि चारुलताला रविवारी पुण्याला परतायचं होतं.

तिने काय कमी केलं होतं? पहिलं बेअरिंग मागवलं ते बाहेरून एक मिलिमीटरने लहान निघालं, खोबणीत खुळखुळलं. दुसरं साध्या पोलादाचं, बोअरच्या खारट पाण्यात चार दिवसांत गंजलं. तिसरं न गंजणारं, रबरी झाकणाचं, चांगलं महागाचं. ते बसवताना शेजारचे हिंमतराव आबा येऊन उभे राहिले.

"गाडाना आसले देतस तसं ठासीसन वंगण दे, मंग दख."

तिने ऐकलं, हीच चूक. ट्रॅक्टरचं घट्ट वंगण, त्यात पेंडीचा भुगा, वरून पाणी. दोन दिवसांत आत कणीक मळली गेली. ती सगळी काढून, रॉकेलने धुऊन, पातळ तेल घालून पुन्हा बसवलं, तरी आज ही घरघर.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, स्क्रू शोधताना वडिलांच्या कपाटात बिस्किटांचा जुना डबा सापडला. आत मेलेली बेअरिंगं. प्रत्येकाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि कारण, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. 'पाणी शिरलं.' 'पेंडीचा भुगा.' 'माझी घाई.'

मग एका चिठ्ठीवर नुसतं 'दगू'.

पुढच्या चिठ्ठीवर 'दगू'. त्याच्या पुढच्याही. तेवीस बेअरिंगांपैकी सोळा आईच्या नावावर. जन्मभर ज्यांनी बायकोला 'चारूनी माय' याखेरीज हाक मारली नाही, त्यांनी तिचं नाव सोळा वेळा लिहून ठेवलं होतं, तेही गुन्हेगार म्हणून.

शनिवारी सकाळी ती होडी आणि डबा घेऊन शहाद्याला जहीरभाईंच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये गेली. वडिलांची सगळी कामं तिथेच व्हायची. जहीरभाईंनी बेअरिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. दांडा काढला, काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने लोळवला. दांड्याचं एक टोक दर फेरीला काचेवरून उठत होतं.

"वाकलाय. आता यावर सोन्याचं बेअरिंग लावा ताई, तेही आठ दिवसांत रडेल."

"पण वाकतो कशाने?"

जहीरभाईंनी चहाचा घोट घेतला. "फिटरकाका बोलले नाहीत?"

तिने डबा उघडून चिठ्ठ्या दाखवल्या. ते आधी हसले, मग हसू आवरून म्हणाले, "काकू होडी शेपटीने उचलतात. सहा किलोचं ओझं, सगळं त्या दांड्यावर. मी काकांना दहादा म्हटलं, वर एक मूठ बसवून देतो. तर म्हणे, मूठ दिसली की ती विचारेल, कशासाठी."

"मग?"

"मग काय. दांडा सरळ करून न्यायचे, नवं बेअरिंग बसवायचे."

चार वर्षं! अख्ख्या जिनिंगची यंत्रं सरळ करणाऱ्या माणसाला घरात एक वाक्य बोलता आलं नाही.

"मूठ बसवा," ती म्हणाली. "आणि दांडा नवा टाका."

जहीरभाईंनी पाण्याकडच्या टोकाला बेअरिंगऐवजी पितळी बुश, म्हणजे नुसती गुळगुळीत नळी, बसवला, आत कागदाइतकी जागा सोडून. बॉल बेअरिंग फक्त आत, मोटरजवळ, कोरड्यात. वर बजावलं, रोज पुसायचं, तेलाचे दोन थेंब द्यायचे, बोटाने फिरवून ऐकायचं. आवाज आला तर चालवायची नाही.

संध्याकाळी पायऱ्यांवर दगूबाईचा हात सवयीने होडीच्या शेपटीकडे गेला आणि थांबला.

"हाई काय लावं वर?"

"मूठ. धरायला."

"धराले मांगे दांडा शे ना."

चारुलताने श्वास घेतला. वडिलांनी चार वर्षं टाळलेलं वाक्य ते. "आई, तिथे धरलं की दांडा वाकतो. दांडा वाकला की बेअरिंग जातं."

"कव्हयपासून?"

तिने डबा पुढे केला. दगूबाई चौथी शिकलेली. एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, मग नुसत्या उलटत गेली.

"दर दोन महिनाले खोलीसन बसेत. मी म्हनू, दुकानदारनी कशी हलकी वस्तू दिधी. शिव्या देऊ मी त्याले." तिचा आवाज चढला, दीड महिन्यात पहिल्यांदा. "तोंड नव्हतं का त्यास्ले? एक डाव बोलतात तं मी काय खाई टाकती का?"

हेच चारुलतालाही सकाळपासून कुणालातरी विचारायचं होतं.

दगूबाईने पदराने डोळे पुसले, रागानेच. "या आठवडानं बेअरिंग कोठे शे?"

चारुलताने पिशवीतून ते तेलकट, मळकं बेअरिंग काढलं.

"चिठ्ठी लिख."

"काय लिहू? दगू?"

"मन्हं कसाले? त्यास्नं लिख."

"काय?"

"नाव लिख त्यास्नं." ते नाव ती स्वतः कधीच घेत नसे, आजही घेतलं नाही.

चारुलताने तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'हिलाल.' दगूबाईने अक्षर न् अक्षर वाचलं, दोरा स्वतः बांधला, गाठ दोनदा मारली आणि बेअरिंग डब्यात टाकून झाकण दाबलं. मग मुठीला धरून होडी उचलली आणि पाण्यात सोडली.

"चालाड आते."

होडी निघाली. दगूबाई कान देऊन उभी राहिली, घरघर ऐकू येते का ते बघत.