चाकामागच्या विटा

मीनाक्षी भित्री आहे हे बालाघाट शहरात तिच्या वॉर्डातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. सिलिंडर बदलायला शेजारून कुणाला तरी बोलवायची. वीज कडाडली की घरातली सगळी बटणं बंद करून पलंगावर पाय वर घेऊन बसायची. तिचा नवरा देवेंद्र यावर पोट धरून हसायचा. तीन वर्षांपूर्वी बैहरच्या घाटात एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला घासलं आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून त्याचं हसणं थांबलं, आणि तिच्या शंभर तऱ्हांच्या भीतीची मिळून एकच भीती झाली. हा माणूस आपल्या हातून जाईल, ही.

देवेंद्र घाटापलीकडे परसवाड्याच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा. नकली पाय बसवल्यावर दोन महिने तो बसनं गेला. पायरी चढताना मागून कुणीतरी काखेत हात घालायचं, उतरताना कंडक्टर "सरको, मास्टरजी को उतरने दो" म्हणून ओरडायचा. मग त्यानं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नाही, डाव्या पायाचं काही कामच नाही. पहिल्या दिवशी कुणाचाही हात न धरता तो वर्गापर्यंत गेला. घरी येऊन त्यानं ते सांगितलं तेव्हा त्याला धड बोलता येईना. मीनाक्षीनं त्या दिवशी गाडीची दृष्ट काढली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीला घाबरायला लागली.

यंदा पावसाळ्यानंतर गाडीनं अंग टाकलं. गिअरचं लिव्हर पुढे जायच्या 'डी'वर टाकावं तर इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. नागपूरच्या वर्कशॉपनं अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला आणि जो आकडा सांगितला त्यात तसली दुसरी गाडी आली असती. देवेंद्रनं फोन ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ लावून बसला. रोग सगळ्या गिअरबॉक्सचा नसून त्यातल्या तेलाच्या वाटा वळवणाऱ्या एका ठोकळ्याचा आहे, असा निष्कर्ष त्यानं विज्ञानाच्या मास्तराच्या थाटात जाहीर केला. तो ठोकळा खालून निघतो, घरीच साफ करता येतो.

"दसऱ्याच्या सुट्टीत करतो," तो म्हणाला. "नाही झालं तर शाळा सोडतो. बसमंदी काही मी आता चढत नाही."

हे तो सहज म्हणाला नव्हता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून त्यानं कपाटात ठेवला होता आणि मीनाक्षीनं तो चोरून वाचला होता. खरं सांगायचं तर तो वाचून तिला बरंच वाटलं होतं. नवरा घरात राहील, डोळ्यांसमोर राहील. ही गोष्ट तिनं देवापुढेसुद्धा उघड म्हटली नव्हती.

मोटार स्टँडजवळ ट्रक दुरुस्त करणाऱ्या गजेंद्रनं जॅक आणि लाकडाचे दोन ठोकळे आणून दिले. गाडीचं तोंड घराकडे, पाठ फाटकाकडे. पुढची बाजू उचलून ठोकळ्यांवर ठेवली, जॅक खालीच राहू दिला. अंगणाला फाटकाकडे चांगला उतार होता. गजेंद्रनं तो पाहिला आणि मान हलवली.

"गुरुजी, हिची पार्किंगची खिट्टी पुढच्या चाकाले असते. पुढचे चाकं वर गेले म्हंजे ते कामाची नाही. हँडब्रेकबी ढिला हाय. मांगच्या चाकाले दोन्हीकून विटा लावून ठेवजा. त्या विटाच गाडी धरून हायत, ध्यानात ठेवजा."

"हौ. पण हे घरात बोलू नको. ते भिते."

मीनाक्षी तेव्हा चहा गाळत होती. तिच्या कानावर यातलं काही गेलं नाही. भित्र्या माणसाला घरात कुणी काही सांगत नाही, आणि मग पुढे जे होतं त्याचा दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

पुढचे तीन दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले. देवेंद्र नकली पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायचा, पाठीखाली पोतं घ्यायचा आणि हातांवर सरकत गाडीखाली जायचा. एक पाय बाहेर दिसायचा, अंगणात एवढाच नवरा. निघायचं म्हटलं तर त्याला वेळ लागायचा, एका टाचेनं अंग ओढत ओढत यायचा. मीनाक्षी पाच-पाच मिनिटांनी पायरीवर येऊन विचारायची, "अहो, हाय ना?" आतून आवाज यायचा, "हाय अजून." तिचा मिसळणाचा डबा त्यानं कधीच पळवला होता. मोहरीच्या वाटीत लांब बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत आखूड. लाल तेल परातीत गळत होतं. त्या तेलाकडे तिच्यानं पाहवत नव्हतं.

नवमीच्या संध्याकाळी गिअरबॉक्सचा ठोकळा साफ होऊन परत जागेवर बसला. खालचं झाकण आवळायचं आणि नवं तेल ओतायचं, एवढंच राहिलं.

"उद्या दसरा," मीनाक्षी म्हणाली. "हत्यारं पूजेत मांडते. सोनं लुटून येईपर्यंत कोणालेच हात लावायचा नाही."

"हौ वं," देवेंद्र म्हणाला. "एक दिवसानं काय होते."

सकाळी तिनं ओसरीवर पाट मांडला. त्यावर बोल्ट आवळायचे पाने, पक्कड, हातोडी, तिच्या शिवणयंत्राची कात्री, विळी, वरवंटा. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांवर झेंडूचं फूल. मग गाडीचा नंबर. आज गाडीला कुणी हात लावणार नाही म्हटल्यावर तिनं अंगण मन लावून धुवायला काढलं. मागच्या चाकांना लावलेल्या विटा तेलानं काळ्या झाल्या होत्या. सणाच्या दिवशी गाडीला असल्या घाणेरड्या विटा कशाला, म्हणून तिनं त्या काढल्या, नळाखाली घासल्या आणि वाळायला ओळीनं लावल्या. गाडी जागची हलली नाही. तिनं चाकांभोवती रांगोळी काढली, बोनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. गाडी बरी झाली की मागेच निघणार, म्हणून मागच्या चाकांच्या पाठीशी एकेक लिंबू ठेवलं. हात जोडले. 'ह्यांना सांभाळ,' एवढंच म्हणाली आणि पुऱ्या तळायला आत गेली.

इकडे देवेंद्र ओसरीवर बसून होता. समोर गाडी, खाली लोंबणारं झाकण, हाताशी पाना. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी शाळा उघडणार. पंधरा मिनिटांचं काम. माणसानं किती वेळ बसावं? त्यानं पान्यावरचं फूल बाजूला ठेवलं, पाय काढला आणि आवाज न करता गाडीखाली सरकला. विटांकडे त्यानं पाहिलं नाही. स्वतःच्या हातानं लावलेल्या वस्तूकडे कोण पुन्हा पाहतं?

पुरी फुगत असताना मीनाक्षीला लोखंडाचा आवाज आला. ती झारा हातात घेऊनच ओसरीवर आली. आधी तिला भिंतीला टेकलेला पाय दिसला, मग पाटावरची पान्याची रिकामी जागा, मग गाडीखालून आलेली ती एक टाच. रागानं ती काही बोलणार, एवढ्यात तिची नजर मागच्या चाकावर गेली.

लिंबू चपटं होत होतं. खालून देवेंद्र पाना ओढत होता, आणि प्रत्येक हिसक्याला चाक केसभर मागे येत होतं. लिंबाची साल फाटली, रस रांगोळीवर पसरला. पुढचे लाकडी ठोकळे करकरले.

विटांचं काम काय होतं हे तिला त्या क्षणी समजलं. कुणी सांगायची गरज उरली नाही. विटा नळाजवळ, दहा पावलांवर. तिनं पाटावरचा वरवंटा उचलला, धावत जाऊन चाकाखाली कोंबला आणि त्यावर दोन्ही हातांनी, छातीनं, सगळ्या अंगानं रेटा दिला.

"बाहेर निघा! अहो, निघा बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

असा आवाज देवेंद्रनं तिचा कधी ऐकला नव्हता. तो काही न विचारता टाचेनं अंग ओढत, कोपरं सोलून घेत घराच्या बाजूला निघाला. डावा ठोकळा तिरका झाला आणि गाडीचं नाक वीतभर खाली येऊन जॅकवर अडलं. क्षणभरापूर्वी त्याची छाती तिथं होती.

तो ओसरीच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसला. मीनाक्षीनं तेवढ्यात विटा आणून चारही जागी लावल्या, ठोकून बसवल्या. लपवायचं तिच्या मनात नव्हतं. गाडी पुन्हा हलू नये, एवढंच होतं. पण देवेंद्रनं डोळे उघडले तेव्हा विटा जागेवर होत्या.

"विटा असून सरकली," तो म्हणाला. "मीने, विटा असून सरकली गाडी."

तिनं शेवटच्या विटेवरून हात काढला.

"मले वाटलं, आपल्याले समजते. काही समजत नाही. पूजेतला पाना उचलला, त्याचंच फळ भेटलं." विज्ञानाचा मास्तर असं म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू होती म्हणून वाचलो. गजेंद्रले सांग, भंगारवाला पाहून घे म्हणा. कपाटात अर्ज हाय, तो काढून ठेव."

मीनाक्षी आत आली. कढईतली पुरी जळून कोळसा झाली होती. तिनं गॅस बंद केला. तिला हवं होतं तेच झालं होतं. आता गाडी नाही, घाट नाही, रोज संध्याकाळी फाटकाकडे पाहत बसणं नाही. तिनं फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवणं तिला आयुष्यभर जमलं होतं.

ती त्याचा पाय घेऊन बाहेर गेली. तो तिनं त्याच्यापुढे ठेवला. देवेंद्रनं पाहिलं, पण उचलला नाही. "राहू दे," म्हणाला. "जायचं कुठं हाय?"

अपघातानंतर दवाखान्यात तो असाच पडून राहिला होता, चादर तोंडावर ओढून, अठरा दिवस. मीनाक्षी पायरीवर बसली. तिला गाडीची भीती वाटत होती, पण ह्याची त्याहून जास्त वाटली. नवरा घरातच आहे, समोरच आहे, आणि तरीही हातून चालला आहे.

"विटा म्या काढल्या होत्या," ती म्हणाली.

देवेंद्रनं मान वळवली.

"सकाळी. धुवाले. मले काय माहीत त्यायनंच गाडी धरली होती? तुम्ही बाहेर आल्यावर म्याच परत लावल्या."

"तू?"

"हौ. पूजेतला वरवंटा म्याबी उचलला, मंग मले काही झालं का? पान्यानं काही नाही झालं. माझ्यानं झालं."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही गाडी सोडतो म्हणले ना. मले ते पाहिजे होतं. म्हणून गप राह्यली."

देवेंद्रनं मागच्या चाकांकडे पाहिलं. आता हा ओरडेल, नाहीतर कायमचा बोलायचा थांबेल, असं तिला वाटलं. तिनं पदर गच्च धरून ठेवला.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "म्या बरोबर लावल्या होत्या विटा."

"बरोबर लावल्या होत्या."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तेलाचा काळा पट्टा गालभर ओढला गेला. "अन् तुले सांगितलं नाही तो गाढवपणा माझा." मग गाडीकडे पाहत राहिला. "मीने, जॅक सारखा करतो. चार बोल्ट राह्यले. पण मले आता खाली जायची भीती वाटून राह्यली. तू आत बस. ब्रेकवर पाय ठेव अन् मी म्हणत नाही तोपर्यंत काढू नको."

ड्रायव्हरच्या सीटवर ती जन्मात पहिल्यांदा बसली. उजवा पाय ब्रेकवर ठेवला, मग डावाही त्याच पायावर ठेवला. खालून पान्याचा आवाज यायचा आणि तो प्रत्येक आवाज तिच्या पाठीच्या कण्यातून जायचा. घाम डोळ्यांत गेला तरी तिनं पुसला नाही. अधूनमधून ती विचारायची, "हाय ना?" आणि खालून तो म्हणायचा, "हाय. तू हाय ना?" असं त्यानं आजवर कधी उलट विचारलं नव्हतं.

बोल्ट आवळले गेले. जॅकनं गाडी खाली आली, चारही चाकं जमिनीला टेकली. त्यानं नळकांडं लावून लाल तेल ओतलं, पाय चढवला आणि खिडकीशी येऊन उभा राहिला.

"झालं. काढ आता पाय."

मीनाक्षीनं मान हलवली. तिचे पाय तिचं ऐकतच नव्हते.

"अवं, झालं म्हणतो ना."

"मले भीती वाटते."

देवेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. मग दुसऱ्या बाजूनं आत येऊन तिच्या शेजारी बसला. "बरं, नको काढू. ब्रेक दाबल्याशिवाय ही सुरूच होत नाही. तशीच राह्य, अन् चावी फिरव."

तिनं चावी फिरवली. इंजिन लागलं. त्यानं आपला हात लिव्हरवर ठेवला, तिचा हात उचलून त्यावर घेतला आणि लिव्हर मागे जायच्या 'आर'वर ओढलं. दोघांनीही श्वास धरला. एक क्षण काहीच नाही. मग गाडीखालून हलकासा धक्का आला आणि सगळी गाडी तिच्या पायाखाली ताणली गेली.

"धरला," देवेंद्र म्हणाला. "मीने, गिअर धरला." आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

आता हा परवापासून रोज घाटात जाणार, हे मीनाक्षीला कळलं. ती त्याचा हात धरून तशीच बसून राहिली, आणि ब्रेकवरचे तिचे पाय कितीतरी वेळ निघाले नाहीत.