टेबलाखालचा डबा

लग्नाचा वाढदिवस नेमका संकष्टीला आला, तरी श्रीपाद कांचनला चंदीगडहून पिंजौरच्या हॉटेलात जेवायला घेऊन आला. उपास मोडायला नको म्हणून तिनं साबुदाण्याची खिचडी आणली होती. परक्या हॉटेलात घरचं खायची लाज वाटून तिनं फडक्यात बांधलेला डबा टेबलाखाली सरकवला आणि दोघं अंगणातल्या नळावर हात धुवायला गेली.

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "बम! टेबल के नीचे!"

माणसं धडपडत बाहेर पळाली. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या दिवसांत बॉम्ब दडवलेला बेवारस ट्रान्झिस्टर उचलूनही जीव जात होते. दारातल्या शिपायानं बंदूक रोखली.

"अहो, आपलाच डबा तो."

"गप्प बस! पकडून नेतील."

पण कांचन पुढे झालीच. "भैया, डब्बा मेरा है. खाना है उसमें."

"तो खोलके दिखाओ. अकेली."

बंदूक आता तिच्यावर होती. तिनं आत जाऊन डबा टेबलाखालून ओढला. फडक्याची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली. झाकण काढून खिचडीचा घास तोंडात टाकला. शिपायानं बंदूक खाली केली.

श्रीपाद अजून नळापाशीच होता. कांचननं बाहेर येऊन डबा त्याच्यापुढे धरला.

"घ्या, तुम्हीही खा. नाहीतर त्यांना वाटेल, मी एकटीच आले होते."