हवेचा पंप

मामा आवाजापेक्षा वेगाने विमान उडवायचे, पण मोटार त्यांना चालवता येत नव्हती. त्यांच्या मागच्या सीटवर बसून दिशा सांगणाऱ्या मित्राला सगळे होकायंत्र म्हणत, कारण तो हमखास चुकायचा. त्याच्याच सांगण्यावरून डावीकडे वळल्यामुळे दोघे युद्धात शत्रूच्या कैदेत पडले.

कैद म्हणजे बंद पडलेली शाळा. सरहद्द बारा किलोमीटरवर, पण शनिवारी त्यांना आतल्या, लांबच्या तुरुंगात हलवणार होते. तिथून कोणी परतल्याचं ऐकिवात नव्हतं.

शुक्रवारी दुपारी धोब्याचा ट्रक आला. ड्रायव्हर किल्ली तशीच ठेवून जेवायला गेला. मामा आणि होकायंत्र धुलाईच्या गाठोड्यातले मेकॅनिकचे डगले चढवून बाहेर पडले. होकायंत्र टुणकन स्टिअरिंगमागे बसला. मामा बसेनात. उड्डाणाआधी यंत्राभोवती पूर्ण फेरी मारायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. ते वाकून टायर चाचपू लागले.

"अरे बाबा, चढ ना!"

"मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे."

"मग काय, आत जाऊन तक्रार करू?"

"तपासल्याशिवाय मी जमीन सोडत नाही."

"आपण जमिनीवरूनच जाणार आहोत, गाढवा!"

एवढ्यात फाटकावरचा शिपाई बंदूक सावरत आला. होकायंत्राने डोळे मिटले. मामांना शत्रूची भाषा येत नव्हती, पण मेकॅनिक कुठल्याही देशातला असो, वैतागलेलाच असतो, हे ठाऊक होतं. त्यांनी तोंड वाकडं करून टायरला लाथ घातली. टायर तपासत बसणारा माणूस पळून चाललाय, असं कुणाच्या बापाला वाटेल? शिपाई पुटपुटला, सूर धोब्याच्या ड्रायव्हरला शिव्या देण्याचा होता. मग धावत जाऊन त्याने पंप आणला आणि घाम गाळत स्वतः हवा भरली. मामांनी टायर दाबून मान डोलावली. वाटेत लागेल म्हणून शिपायाने पंपही ट्रकमध्ये टाकला आणि फाटक उघडलं.

होकायंत्राला ट्रक येत होता, दिशा येत नव्हती. मामांना दिशा येत होती, ट्रक येत नव्हता. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर झाला.

"उजवीकडे!"

"नक्की?"

"तू विचारतोयस? तू?"

आठव्या किलोमीटरला आरशात जीप दिसली. जीप जवळ आली, मग लंगडू लागली, मग एका अंगावर कलून थांबली. तिच्याभोवती फेरी कोणी मारली नव्हती. तोच शिपाई खाली उतरून दोन्ही हातांनी पंप मारल्याची खूण करत ओरडत होता. मामांना इतकं हसू फुटलं की पुढचं वळण सांगायचं राहिलं. होकायंत्र मनानेच वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वळला.

पंप अजून आमच्याकडे आहे. शिपायाचा पत्ता मिळाला तर परत करायचा, असं मामा दरवर्षी म्हणतात. आजही कुठे निघालं की मामी गाडीत बसून हॉर्न वाजवत असते.

"अहो, बसा आता! मागे कोणी लागलेलं नाही!"

मामा चौथ्या टायरपाशी असतात.