माझ्या खांद्याला पेलेल ती

खांद्यावरची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "औषधाचं दुकान खुशाल चालवा, पण जड उचलणं आता विसरा." मी मान हलवली. डोळ्यांपुढे मात्र घरच्या कपाटातली माझ्या कॅमेऱ्याची लांब पल्ल्याची लेन्स आली. भरल्या बादलीसारखी दांडगी.

आमच्या आंदुहारच्या डोंगरात लिंक्स आहेत, कानांवर काळे झुबके असलेली मोठी रानमांजरं. त्यांचे फोटो काढायला आमचा गट दर रविवारी कच्च्या रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड मांडून बसतो. सगळे बाप्ये, त्यांत मी एकटी कासिल्दा. गटाचा म्होरक्या लेओन्सिओ, निवृत्त नोटरी. माझ्या खांद्याचं कळल्यावर त्यानं परस्पर तोडगा काढून टाकला.

"तुझा भाऊ लेन्स उचलेल, मी तुला घडीची खुर्ची देतो. तू फक्त बटण दाबायचं. राणीसारखी!"

आन्सेल्मो, माझा धाकटा भाऊ, बिचारा तयारच होता. पहिल्याच रविवारी लिंक्स आली, ती आमच्या डाव्या अंगाला, दगडांवरून. मी ओरडले, "आन्सेल्मो, वळव, वळव!" त्यानं ट्रायपॉड वळवेपर्यंत ती झुडपात शिरली. मला मिळाले ते नुसते दगड.

"पुढच्या वेळी मी जवळ उभा राहीन," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी नाही," मी म्हटलं. "जे मला स्वतःला उचलता येत नाही, ते माझं नाही. विकून टाकते."

जुनी लेन्स विकून हलकी घ्यायला आम्ही हाएन शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार आधी जड लेन्स ओढून न्यायची चाकांची गाडी दाखवायला लागला. "बाई, हलकी घ्याल तर पस्तावाल. तोंड लहान, उजेड कमी. तिन्हीसांजेला काय करणार?"

"तिन्हीसांजेला घरी जाईन. दाखवा हलक्या."

त्यानं तीन काढल्या. वजनं प्रत्येकीच्या खोक्यावर छापलेली होती, पण मला छापील वजन नको होतं. मी म्हटलं, "यांतली एकेक लावून बाहेर चढावर फिरून येते." त्याचा चेहरा पडला. मी आन्सेल्मोला काउंटरपाशी ढकललं. "हा ठेवा ओलीस. पळून गेले तर याला विका."

"कोण घेईल मला!" आन्सेल्मो म्हणाला.

पहिली सगळ्यांत हलकी, पण लांबलचक. कॅमेऱ्याला लावली की माझ्या पिशवीत मावेना, आणि दर वेळी जोडत बसले तर लिंक्स काय थांबणार आहे? दुसरी दिसायला आटोपशीर, पण दूरचं जवळ आणताना नळी पुढे सरकायची, सगळा भार टोकाला जायचा आणि मनगट वाकायचं. तिसरी दुसरीहून किंचित जडच भरली. पण आखूड होती, भार कॅमेऱ्याजवळ होता. चढावरच्या चर्चपर्यंत गेले, पायरीवर उभी राहून कबुतरांवर रोखली, पुन्हा रोखली. खांदा गप्प राहिला. तीच घेतली.

पुढच्या रविवारी रस्त्यावर खसखस पिकली.

"हे काय, कासिल्दा, एवढीशी दुर्बीण घेऊन नाटक बघायला आलीस?" लेओन्सिओनं विचारलं.

"तुमचंच बघते आहे. सगळे खिळे ठोकल्यासारखे बसलेत."

"आम्ही बसतो, म्हणून आम्हाला मिळते."

"मग बसा." मी पिशवी गळ्यात अडकवली आणि नदीकडे उतरणारी पायवाट धरली. आन्सेल्मोनं मागून हाक मारली, "अगं, मी येऊ?"

"ये. पण रिकाम्या हातांनी."

हांदुला नदीच्या काठी कण्हेरी दाट आहे. आम्ही एका खडकाआड टेकलो, पाव आणि चोरिसोचं मसालेदार सॉसेज खाल्लं. ऊन कलल्यावर पलीकडच्या काठावर मादी आली. तोंडात ससा. तिनं आमच्याकडे सरळ पाहिलं, मग ससा खाली ठेवून पाणी प्यायला वाकली. उजेड उतरत होता. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी कोपर बरगडीला टेकवलं, श्वास रोखला. माझे हात, माझी लेन्स, मध्ये कुणी नाही. ती डावीकडे चालली, मीही तिच्याबरोबर डावीकडे वळले. आन्सेल्मोनं तोंडावर हात दाबून धरला होता.

घरी छायाचित्रं पाहिली. बाकी सगळी हललेली, एकच स्पष्ट: ओल्या मिशा, पायांशी ससा. अंधारामुळे सगळीकडे वाळूसारखे दाणे.

गटाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी मी ते दिलं. लेओन्सिओनं ते नाकाजवळ धरलं. "दाणे आहेत. आपल्या मापात मोठं केलं तर फुटेल."

"मग लहान लावा."

"सगळ्यांची मापं सारखी असतात."

"तुमच्या सगळ्यांची. माझं नाही."

त्यांनी घेतलं नाही. मी ते वहीच्या पानाएवढं छापून घेतलं आणि माझ्या दुकानाच्या काचेत, खोकल्याच्या औषधाशेजारी लावलं. येणारे-जाणारे थांबतात. एका म्हातारीनं विचारलं, "हे कशावरचं औषध?" शाळेतली पोरं काचेला नाकं लावतात.

मंगळवारी लेओन्सिओ रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला. बराच वेळ काचेशी उभा होता. आत येऊन म्हणाला, "मी अजूनही सांगतो, दाणे दिसतात."

"दिसतात," मी म्हटलं, आणि त्याच्या गोळ्या पुढे सरकवल्या. "आणखी काही?"

"नदीपर्यंत पायवाट अवघड आहे का?"

"सामान केवढं, त्यावर आहे," मी म्हटलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.