शेजारचा बाइट

मी तोंडाची फटकळ, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून भाचीला माझ्या हाताखाली नोकरी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं, इथे मी तुझी मावशी नाही. घरी ती ठमी. ऑफिसात मी तिला आडनावाने हाक मारायचे. हिने भाचीला चिकटवलं असं कोणी म्हणायला नको, एवढीच धास्ती.

लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यातला कर्नल, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यांत आधी उठणारा भाग, बारा वर्षं माझ्याकडे. तो उठल्या उठल्या प्रोसेसर कोणता ते बघतो आणि त्याला साजेशा सूचना स्वतःच्याच कोडमध्ये, फाइलीत नव्हे तर मेमरीत, बदलून घेतो. ही करामत माझी, आणि तिचा मला भारी तोरा.

ठमीचा कोड त्यात गेला, त्याच आठवड्यात नव्या प्रोसेसरचे कंट्रोलर बाहेर पडले आणि सुरू होतानाच कोसळायला, म्हणजे बंद पडायला लागले. दर वेळी ठमीच्याच फंक्शनच्या, म्हणजे तिने लिहिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, सुरुवातीला. मी फाइल उघडून तिचा कोड वाचला, खोट दिसेना. तो काढून टाकला, तर सगळं सुरळीत. आणखी काय पुरावा हवा होता मला? ठमी म्हणाली, चूक सापडत नाहीये, अजून दोन दिवस द्या. मी सगळ्यांसमोर तिला झापलं आणि चूक तिचीच असं लिहिलेल्या अहवालावर सही ठोकली. तिची नोकरी गेली. तिच्या आईने, माझ्या ताईने, माझे फोन घेणं सोडलं.

सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली आणि पुन्हा तेच, पण दुसऱ्याच सहकाऱ्याच्या फंक्शनमध्ये. त्या कोडला वर्षभर कोणी हात लावलेला नव्हता. तेव्हा कुठे मी कोसळलेल्या कंट्रोलरची मेमरी उतरवून घेतली, फाइलशेजारी ठेवली आणि एकेक बाइट, म्हणजे मेमरीतलं एकेक घर, ताडून पाहिला. नव्या प्रोसेसरसाठीची माझी सूचना जागेपेक्षा एका बाइटने लांब होती. ती शेजारच्या फंक्शनच्या पहिल्या बाइटवर चढत होती. शेजारी जो येईल तो मरणार. ठमीचा कोड काढला तेव्हा तिथे रिकामी जागा आली, म्हणून निभावलं.

ते बाइट छापलेला कागद घेऊन ताईकडे गेले. तिने दार उघडलं आणि आत निघून गेली. ठमी आता शिकवण्या घेते. टेबलावर मुलांच्या वह्या होत्या. मी सांगायला लागले, तर ठमी मलाच थांबवून म्हणाली, "मला सापडली होती गं ती चूक. माझ्या कोडच्या तिसऱ्या ओळीत. महिनाभर बसून शोधून काढली."

अगं, तिथे चूक नव्हतीच, मी म्हटलं, आणि कागद पुढे सरकवला. तिने पेन्सिलीने एकेक बाइट मोजला. पोरगी हुशारच, दोन मिनिटांत तिला सगळं कळलं. तिने पेन्सिल खाली ठेवली. मला रडू येत होतं, आणि रडायचा मला काही हक्क नव्हता.

"दुसऱ्या कुणाचा कोड असता," तिने विचारलं, "तर तेव्हाच मेमरी बघितली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हटलं.

ताई माझ्यासाठी पाणी घेऊन येत होती, ती दारातूनच परत फिरली.